उतरलेले नऊ किलो

यशवंतपूर, बंगळूर
२२ सप्टेंबर २०२५

चि. निवेदितास आत्याचे आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण एकच. गेले आठ दिवस तुझ्या मामांना पलंगावरून उठवून चाकाच्या खुर्चीत बसवणं मला जमत नाही. मागच्या डिसेंबरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून दिवसातून सहा वेळा हे काम मी एकटीनं करत आले. आता खालच्या मजल्यावरच्या पद्मावतीअक्कांच्या यजमानांना हाक मारावी लागते. ते स्वतः सत्तरीचे आहेत आणि जिना चढताना प्रत्येक पायरीवर देवाचं नाव घेतात.

फोन करत नाही, कारण मला कमी ऐकू येतं म्हणून मी तो स्पीकरवर ठेवते, आणि ह्यांचा पलंग हॉलमध्येच आहे. ह्यांना बोलणं जमत नसलं तरी ऐकू सगळं येतं. शिवाय यशवंतपूरहून तुझ्या एचएसआरला पत्र दोन दिवसांत पोचतं. तिकडून इकडे यायला तुला सहा वर्षं पुरली नाहीत. हॉस्पिटलात भेटून गेलीस, पण घरी आली नाहीस.

आता हकीकत. जूनच्या अखेरीस डॉक्टरांनी सांगितलं की साखर काठावर आहे, यकृतावर चरबी आहे, आठ किलो उतरवा. मी अकरा आठवड्यांत नऊ उतरवले. एकाहत्तरचे बासष्ट झाले. सकाळी हे उठायच्या आत पाच किलोमीटर चालते, संध्याकाळी पद्मावतीअक्का ह्यांच्यापाशी बसतात तेव्हा पाच. रात्री एक वाटी गंजी, म्हणजे तांदळाची पेज, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, असा पेशंट वर्षातून एखादाच भेटतो.

माझा प्रश्न असा आहे. माणूस हलका झाला की काम सोपं व्हायला हवं, माझं अवघड झालं. ह्यांचं वजन वाढलेलं नाही. चौसष्टच आहे, तपासून पाहिलं. मग चूक कुठे आहे? माझा अंदाज, माझेच अजून तीन-चार किलो जास्त असावेत. म्हणून पुढच्या सोमवारपासून रोज चौदा किलोमीटर चालायचं ठरवलं आहे.

घाई का, तेही सांगते. मुकुल वीस डिसेंबरला हॅम्बुर्गहून येतो आहे. के. आर. पुरमच्या बाजूला त्यानं एक सेवाकेंद्र पाहून ठेवलं आहे. म्हणाला, "अम्मा, तुला अप्पांना उचलता येत नसेल तर त्यांना तिथे ठेवायचं. मी आल्यावर बघतो आणि ठरवतो." मुलगा वाईट नाही. काळजीनं बोलतो. पण त्यानं ठरवलं की हे जातील, आणि बेचाळीस वर्षांत आम्ही हॉस्पिटल सोडून कुठे वेगळे राहिलो नाही.

तुझ्या व्यवसायाबद्दलचं माझं मत तुला ठाऊक आहे. तरी विचारते आहे.

तुझी आत्या,
कमला


एचएसआर लेआउट
२५ सप्टेंबर

ती. आत्यास सा. नमस्कार.

जिममध्ये पोस्टमन आला तेव्हा रिसेप्शनवरच्या अक्षरा नावाच्या मुलीला वाटलं कोर्टाची नोटीस आहे. वाचल्यावर मलाही थोडा वेळ तसंच वाटलं.

आधी महत्त्वाचं. चौदा किलोमीटर चालू नकोस. चाललीस तर मामा राहू देत, कुकरसुद्धा ओट्यावरून उचलता येणार नाही.

तुझा वजनकाटा खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. नऊ किलो गेले एवढं तो सांगतो. काय गेलं ते सांगत नाही. माणूस कमी खातो आणि नुसता चालत राहतो तेव्हा चरबी जाते, आणि तिच्याबरोबर स्नायूही जातात. तुझ्या वयात तर आणखी लवकर. तुझ्या नऊमधले तीन-एक किलो स्नायूंचे असावेत असं मला वाटतं. मांड्यांचे, पाठीचे, दंडांचे. म्हणजे ज्यांच्या जोरावर तू मामांना उठवत होतीस तेच.

चालणं वाईट नाही. साखरेला आणि हृदयाला ते लागतंच. पण शरीर फार हिशेबी असतं. जे वापरात दिसत नाही ते मोडीत काढतं. स्नायू वापरात आहेत हे त्याला वजन उचलूनच पटवावं लागतं, आणि ते टिकायला पोटात डाळ, दही, कडधान्य जावं लागतं. गंजीवर स्नायू टिकत नाहीत.

एक परीक्षा घे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बस, हात छातीशी बांध, आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभी राहतेस ते मोज. आकडा खरा कळव.

आणि एक विचारते. आठ दिवसांपूर्वी नेमकं काय झालं? उचलणं एका दिवसात बंद होत नाही. कुणी पडलं का?

माझं मत तुला ठाऊक आहे, असं मी म्हणणार नाही. तू कधी विचारलंच नाहीस.

तुझी,
निवेदिता


यशवंतपूर
२९ सप्टेंबर

चि. निवेदितास आशीर्वाद.

पत्र मिळालं. खुर्चीवरून सहा वेळा उठले. शेवटच्या दोन वेळा हात टेकले, म्हणून खरं तर चार.

कुणी पडलेलं नाही. एके दिवशी जमलं नाही, एवढंच.

तीन किलोंचं वाचून दोन दिवस स्वतःचाच राग आला. मी बी.एस्सी. रसायनशास्त्र. चौतीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. नमुन्यात काय काय मिसळलेलं आहे हे न पाहता नुसतं वजन लिहून पाठवणाऱ्या पोरांना मी उभं करून बोलत असे. आणि स्वतःच्या बाबतीत अकरा आठवडे तेच केलं.

रात्री डाळ खाल्ली की मला झोप लागत नाही. दुपारी खाईन. वजनं मात्र घरात नाहीत आणि विकत आणणार नाही. दुसरं काही असेल तर लिही.

पाकीट ह्यांच्याकडे चिकटवायला देते आहे. फिजिओथेरपीच्या बाईंनी बोटांसाठी सांगितलेला व्यायाम. पंधरा मिनिटं लागतात, पण करतात.

आत्या


(त्याच पाकिटात, कॅलेंडरच्या फाडलेल्या कागदावर, डाव्या हातानं)

निवे, पडलो. दोघं. १४ तारखेला. ती खाली, मी वर. पाऊण तास. मला हसू आलं. ती रडली. कुणाला बोलायचं नाही म्हणाली. बोलता येतच नाही. म्हणून लिहिलं. मला तिथे जायचं नाही.
मामा


एचएसआर लेआउट
६ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. नमस्कार.

काल मी दार वाजवल्यावर तू पहिलं वाक्य बोललीस ते "चपला बाहेर". सहा वर्षांनी ते ऐकून बरं वाटलं. दुसरं वाक्य "कुणी सांगितलं तुला?" त्याचं उत्तर आजही देत नाही. जिन्यावरून उतरताना कंबरेला हात लावून होतीस, ते मला दिसलं असं समज.

काल दाखवलं ते लिहून काढते, कारण तू कागदावरचंच खरं मानतेस.

मामांना उचलायचं नाही, उठवायचं. त्यांच्या कंबरेला तो रुंद पट्टा बांध, गुडघे वाकव, तुझा पार्श्वभाग मागे ने, त्यांना पुढे झुकू दे, आणि त्यांचा डावा पाय जोर लावेल तेव्हाच तू लाव. मामा निम्मं काम स्वतः करू शकतात. इतके दिवस तू करू दिलं नाहीस.

सोमवार, बुधवार, शुक्रवार व्यायाम. खुर्चीवरून ऊठबस. पाच किलोची तांदळाची पिशवी जमिनीवरून उचलून ओट्यावर. ओट्याला हात टेकून तिरकं उभं राहून शरीर ढकलणं. दोन हातांत दोन पिशव्या घेऊन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक गोष्ट आठ-दहा वेळा, थांबून तीनदा. पिशवी सोपी वाटू लागली तरच मोठी घे.

चालणं रोज एकदाच, चाळीस मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगानं. तू कुणाशी बोलत नाहीस, तर पाढे म्हण.

मूत्रपिंडाचा रिपोर्ट डॉक्टरांनी बरा सांगितलाच आहे, तेव्हा तिन्ही वेळा डाळ, दही, पनीर, शेंगदाणे यांतलं काहीतरी हवं. हुलग्याचं सारू छान झालं होतं. त्यात खालचे हुलगे घेतलेस तर उपयोग, नुसतं वरचं पाणी नाही.

आणि वजनकाटा महिन्यातून एकदाच. कमरेला टेप लाव, खुर्चीची परीक्षा दर पंधरा दिवसांनी.

तुझी,
निवेदिता


यशवंतपूर
२३ ऑक्टोबर

चि. निवेदितास आशीर्वाद.

दिवाळी झाली. तुझ्या सूचना पाळल्या. त्यात थोडी सुधारणा केली.

चालणं पूर्ण बंद केलं आणि वजनं रोज दोन वेळा करते. पाचवरून थेट दहा किलोच्या पोत्यावर आले. माझा विचार असा, की डिसेंबर जवळ आला, साखरेचं नंतर बघता येईल, सगळा वेळ ताकदीला द्यावा.

निकाल कळवते. उपाशीपोटीची साखर सप्टेंबरात ११६ होती, परवा १४८. वाळत घालायचे कपडे घेऊन गच्चीवर जाताना मधल्या वळणावर थांबावं लागलं, धाप लागली. उजवा खांदा दुखतो, वेणी घालता येत नाही. पट्टा लावून ह्यांना एकदा उठवलं, दुसऱ्यांदा जमलं नाही. पद्मावतीअक्कांच्या यजमानांना पुन्हा जिना.

चूक माझी की तुझ्या पद्धतीची, ते स्पष्ट लिही.

चिठ्ठीचं मला कळलं. ह्यांनी स्वतःच सांगितलं, बोट स्वतःच्या छातीवर ठेवून, मोठ्या अभिमानानं. मी दोन दिवस बोलले नाही. फरक पडला नाही, कारण ते तसेही बोलत नाहीत.

आत्या


एचएसआर लेआउट
२६ ऑक्टोबर

ती. आत्यास,

चूक तुझी. थोडी चकल्या-लाडवांची.

आधी नुसतं चाललीस, मग नुसती उचललीस. दोन्ही वेळा एकच गोष्ट इतकी केलीस की दुसरी सुटली. आत्या, मला हे जिममध्ये रोज दिसतं. एक गट ट्रेडमिलवर तासभर धावतो आणि हातांच्या काड्या करून घेतो. दुसरा लोखंड उचलतो आणि दोन जिन्यांत धापा टाकतो. तू एकटीनं चार महिन्यांत दोन्ही गट पुरे केलेस.

चाळीस मिनिटं चालणं उद्यापासून सुरू. खांदा डॉक्टरांना दाखव, ते हो म्हणेपर्यंत ओट्याचा व्यायाम नाही. वजनं आठवड्यातून दोनच दिवस, पाच किलोपासून पुन्हा.

आता नीट वाच. उचलताना स्नायू वाढत नाही. तेव्हा तो थकतो, झिजतो. भरून येतो तो दुसऱ्या दिवशी, तू त्याला हात लावत नाहीस तेव्हा. न उचलण्याचा दिवस हा व्यायामाचाच भाग आहे. बाकी सगळ्यांना मी तो दिवस सांगते आणि ते आनंदानं झोपतात. तुला मात्र तो मिळतच नाही, कारण वजनं नसली तरी मामा सहा वेळा आहेतच.

म्हणून रविवारी मी येते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मामा माझ्याकडे. त्या वेळात तू काही उचलायचं नाही.

तुझी,
निवेदिता


यशवंतपूर
२४ नोव्हेंबर

चि. निवेदितास आशीर्वाद.

उत्तराला महिना लावला. आकडे आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

खुर्ची अकरा वेळा, हात न टेकता. कमर ऑक्टोबरात त्र्याण्णव सेंटिमीटर होती, आता एकोणनव्वद. साखर ११८. खांदा बरा, डॉक्टरांनी परवानगी दिली. आठ तारखेपासून ह्यांना मी एकटी उठवते. वजन साडेबासष्ट, म्हणजे अर्धा किलो वर. काटा वर गेल्याचं वाईट वाटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

शेजारच्या बायका विचारतात, "अक्का, काय करता हो तुम्ही?" मी म्हणते, "स्वल्प चालते, स्वल्प तांदूळ उचलते." त्यांना वाटतं मी सांगायचं टाळते आहे.

रविवारचं मात्र नको. तू चार रविवार फोन करून विचारलंस, चारही वेळा नको म्हटलं, कारण आज लिहिते. कारखान्यात पाळी बदलताना माणसं काय काय विसरतात ते मी चौतीस वर्षं पाहिलं आहे. भट्टीचं तापमान सांगायचं राहतं, झाकण उघडं राहतं. ह्यांचं पाणी घट्ट करून द्यावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. उजव्या कुशीवर अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवायचं नाही. कपडे आधी उजव्या हातात घालायचे. हे सगळं माझ्या हातांना पाठ आहे. लिहून दिलं तरी दुसऱ्याच्या हातांना ते कळेल का, याची मला खात्री नाही.

दुसरं. सहा वर्षांपूर्वी, तू नोकरी सोडलीस तेव्हा, आमच्या घरच्या जेवणात सगळ्यांसमोर मी म्हटलं होतं, "चार वर्षं इंजिनियरिंग शिकून आता लोकांना डंबेल उचलून देणार." ते चूक होतं. स्पष्टीकरण देत नाही.

आत्या


एचएसआर लेआउट
२८ नोव्हेंबर

ती. आत्यास,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटच्या चार ओळी जास्त वेळा.

मी रुसून दूर राहिले हे खरं, पण नुसती रुसले नव्हते. तू बोलावशील याची वाट पाहत होते. तू बोलावलंस ते मामांसाठी. सरी, ठीक आहे, तेही चाललं. पण मी दर पत्राला उत्तर देते ते मामांसाठी नाही.

आता एक वाईट गोष्ट विचारते, कारण मुकुलदादा विचारणारच आहे. तू मामांना उठवू शकतेस हे त्याला दिसेल. त्यानंतर तो म्हणेल, "अम्मा, तुला ताप आला तर?" काय सांगशील? पद्मावतीअक्कांचे यजमान?

हातांना शिकवता येतं, आत्या. माझं पोट त्यावरच चालतं.

तुझी,
निवेदिता


यशवंतपूर
२९ डिसेंबर

चि. निवेदितास आशीर्वाद.

मुकुल आला. वीस तारखेला, शनिवारी पोचला आणि सोमवारी सकाळी म्हणाला, "अम्मा, बाजूला हो, मला बघू दे किती जड पडतं." तो तिकडे बेचाळीस किलोमीटरच्या शर्यती धावतो. गालफडं बसली आहेत, मनगट माझ्यापेक्षा बारीक. त्यानं ह्यांच्या काखेत हात घातले, पाठ वाकवून जोर लावला, अर्धवट वर आणलं आणि ह्यांच्यासकट पलंगावर बसला. हे मोठ्यानं हसले. वर्षभरात असा आवाज घरात झाला नव्हता. खालून अक्का विचारायला आल्या.

मग मी पट्टा बांधला आणि ह्यांना खुर्चीत बसवलं. मुकुल "परत दाखव," म्हणाला. परत दाखवलं. मी त्याला खुर्चीवर बसवून ऊठबस मोजली आणि तूही वजनं उचल असं सांगितलं. धावणाऱ्यालाही लागतं ते, तू लिहिलेलंच मी त्याला ऐकवलं. माझ्या तोंडून ते बरं वाटलं.

जेवताना त्यानं तुझा प्रश्न विचारला, शब्दसुद्धा तेच. मी ताटातलं हलवत बसले. सेवाकेंद्राचा कागद टेबलावर होता, सही करायचा. तेव्हा ह्यांनी डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. आम्ही दोघांनी पाहिलं. तोंड वाकडं करून, खूप वेळ लावून म्हणाले, "निवे."

मी म्हटलं, तिला शिकवावं लागेल. मुकुल म्हणाला, "मग शिकव ना, अम्मा. तुझ्याशिवाय कुणाला येत नाही, हीच तर मला भीती आहे."

रात्री अंथरुणावर पडून विचार केला. ह्यांना घरी ठेवायचं म्हणून मी ताकद कमावली, आणि घरी ठेवायचं म्हणूनच कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हते. दुसरी गोष्ट पहिलीला मारक होती. प्रयोगशाळेत हे मला एका दिवसात दिसलं असतं.

मुकुलनं केंद्राला फोन करून नाही सांगितलं. पद्मावतीअक्कांच्या जावयालाही शिकवून ठेवायचं ठरलं, तो जवळच राहतो.

चार जानेवारीच्या रविवारी ये. दहाला म्हणजे दहाला. आल्यावर तासभर शिकवेन, मग चालायला जाईन. चाळीस मिनिटं, आणि त्यानंतर पद्मावतीअक्कांकडे जेवायला. खाली काहीही उचलणार नाही असं त्यांना सांगून ठेवलं आहे. ताटसुद्धा.

आत्या


पाळी-बदलाची नोंद
रविवार, ४ जानेवारी २०२६
सोपवण्याची वेळ: सकाळी ११.१०

१. पट्टा, एक. बकल उजवीकडे येऊ द्यायचं नाही, टोचतं.
२. पाणी घट्ट करायची पूड आणि चमचा. एका पेल्याला दोन चमचे, गाठी न होता.
३. दुपारच्या गोळ्या, वाटीत काढलेल्या, तीन. पांढरी जेवणाआधी.
४. जेवण: मऊ भात, मुगाची आमटी, दही. डावा हात त्यांचा त्यांना वापरू देणे. सांडलं तर सांडू देणे.
५. कुशीवर वळवल्याची वेळ लिहायची वही आणि पेन. शेवटची नोंद १०.४०, डावी कुशी.
६. खालच्या मजल्याचा फोन नंबर, भिंतीवर. अगदी नड असेल तरच.
७. श्री. विश्वेश्वर, वय ७३, वजन ६४ किलो. आंघोळ झालेली, दाढी केलेली. डाव्या पायात जोर आहे, तो त्यांच्याकडे मागून घ्यावा. स्वभाव चांगला. कुणी पाहत नसलं की गोड मागतात. अर्धा लाडू, त्यापुढे नाही.

पलंगावरून खुर्चीत बसवणं स्वीकारणारीनं माझ्यासमोर दोनदा करून दाखवलं. दोन्ही वेळा बरोबर.

परत घेण्याची वेळ: संध्याकाळी ६.००

सोपवणार: कमला
स्वीकारणार: निवेदिता
सोपवलेला: तक्रार नाही. उशिरा परत आलीस तरी चालेल. विश्वेश्वर